प्लिमसॉलची रेषा आणि तपासनिसाची वही

मुंबईच्या गोदीत नांगरलेल्या कोणत्याही मालवाहू जहाजाच्या कुशीकडे नीट पाहिले, तर साधारण मध्यभागी एक वर्तुळ रंगवलेले दिसते. एक आडवी रेषा त्या वर्तुळाला मधोमध छेदून जाते. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी काही आखूड रेषा असतात आणि त्यांच्यापुढे एकेक दोनदोन रोमन अक्षरे असतात. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण बोटीवर आहेत. त्यांना ही खूण परिचयाची आहे. घरी राहणाऱ्यांना मात्र ती बहुधा रंगाऱ्याची नक्षी वाटते. वस्तुतः ती नक्षी एका दीर्घ आणि कडवट भांडणाचा निकाल आहे.

त्या खुणेचा अर्थ तसा सोपा आहे. माल भरल्यावर जहाज खाली बसते, आणि किती खाली बसू द्यायचे याची मर्यादा ही रेषा सांगते. खाऱ्या पाण्यात उन्हाळ्यात कुठवर, हिवाळ्यात कुठवर, उष्ण कटिबंधात कुठवर, हे त्या आखूड रेषांवरून कळते. हिवाळ्यातील उत्तर अटलांटिक समुद्र सर्वांत क्रूर, म्हणून त्याची रेषा सर्वांत खाली असते, म्हणजे तेथे जहाजाने सर्वांत कमी माल घ्यावयाचा. गोड्या पाण्याची रेषा उलट वर असते. खाडीच्या किंवा नदीच्या पाण्यात जहाज अधिक बुडते आणि खुल्या समुद्रात आले की आपोआप थोडे वर उचलले जाते. आपल्या नाखव्यांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

ही रेषा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सॅम्युअल प्लिमसॉल दर्यावर्दी नव्हता. १८२४ साली ब्रिस्टल येथे जन्मलेला हा गृहस्थ कोळशाचा व्यापारी होता. एकदा धंद्यात त्याचे दिवाळे निघाले आणि काही काळ त्याला लंडनमध्ये गरिबांच्या सामायिक वसतिगृहात दिवस काढावे लागले. मजुरीवर पोट असणारी माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात हे त्याने तेथे जवळून पाहिले. पुढे पुन्हा पैसा आला, आणि १८६८ साली डर्बी शहराने त्याला पार्लमेंटमध्ये निवडून दिले. तेथे त्याने हाती घेतलेला प्रश्न त्याच्या मतदारसंघाच्या कामाचा नव्हता, कारण डर्बीला समुद्रच नाही.

प्रश्न असा होता. जुनी, किडलेली जहाजे काही मालक स्वस्तात विकत घेत, वरवर रंगरंगोटी करीत, मूळ किमतीपेक्षा अधिक रकमेचा विमा उतरवीत आणि कडेपर्यंत माल भरून ती समुद्रात सोडीत. जहाज पोचले तर वाहतुकीचा नफा मिळे, बुडाले तर विम्याचा. दोन्हीकडून मालकाचे भलेच. बुडण्याचा तोटा फक्त खलाशांचा. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणू लागले होते. याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. करारावर सही केलेल्या खलाशाने जहाजाची अवस्था पाहून वर चढण्यास नकार दिला, तर कायदा त्याला करारभंगाबद्दल तुरुंगात टाकीत असे. मरायला नकार देणे हा गुन्हा ठरत होता! प्लिमसॉलने तुरुंगांकडून अशा खलाशांची माहिती गोळा केली, आणि १८७३ साली 'अवर सीमेन' हे पुस्तक प्रसिद्ध करून ती जनतेपुढे ठेवली. हे पुस्तक साहित्यगुणांसाठी कोणी वाचले नसेल. त्यात पत्रे आहेत, दाखले आहेत, मालकांवर केलेले आरोप आहेत, आणि त्या आरोपांपायी लेखकावर अब्रूनुकसानीचे दावेही झाले. पण त्या पुस्तकाने इंग्लंड हलले. त्याच वर्षी सरकारला शाही आयोग नेमावा लागला.

न्यूकॅसलचा जेम्स हॉल नावाचा एक जहाजमालक ही मागणी प्लिमसॉलच्या आधीपासून करीत होता, हे येथे नमूद केले पाहिजे. सर्व मालक लबाड नव्हते. उलट, प्रामाणिक मालकाला लबाड मालकाशी भाड्याच्या दरात स्पर्धा करावी लागे, आणि त्यात प्रामाणिक मालकच बुडण्याची भीती असे. पुष्कळदा कायद्याची सर्वाधिक गरज सज्जनाला असते. एकट्याने नियम पाळणे त्याला परवडत नाही.

२२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी सभागृहात जाहीर केले की, नौवहनाचे विधेयक या अधिवेशनापुरते सोडून देण्यात येत आहे. प्लिमसॉलचा तोल सुटला. भर सभागृहात त्याने जहाजमालक सभासदांना खलपुरुष म्हटले, सभापतींच्या दिशेने मूठ उगारली, आणि आपले शब्द मागे घेण्यास नकार दिला. आठवड्याभराने त्याने रीतसर क्षमा मागितली, पण तोवर बाहेर लोकमत असे उसळले होते की सरकारला घाईघाईने तात्पुरता कायदा करावा लागला. १८७६ च्या कायद्याने भाररेषा सक्तीची झाली.

मात्र रेषा सक्तीची झाली तरी ती कोठे काढायची हे या कायद्याने मालकावरच सोपवले होते. एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, कायद्याचे वर्णन म्हणून ती अचूक आहे. रेषेची जागा कायद्याने ठरवून द्यायला १८९० साल उजाडले, आणि ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परकीय जहाजांना तोच नियम लागू व्हायला १९०६. आंतरराष्ट्रीय करार झाला तो १९३० साली, म्हणजे प्लिमसॉलच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी. सध्या पाळला जातो तो १९६६ चा करार. (इंग्लंडात रबरी तळाच्या कापडी बुटांनाही 'प्लिमसॉल' म्हणतात. रबराची पट्टी ओलांडून पाणी वर गेले की पाय भिजतो, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. संसदपटूचे याहून टिकाऊ स्मारक क्वचितच झाले असेल.)

आता रेषा काढली, पण ती बुडली आहे की नाही, तसेच जहाजाच्या पोटातील लोखंड शाबूत आहे की नाही, हे पाहणार कोण? येथून तपासनिसाची कथा सुरू होते. तिचा उगम एका कॉफीगृहात आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात विमेवाले, व्यापारी आणि कप्तान जमत. आपण विमा उतरवतो ते जहाज कसे आहे हे विमेवाल्यांना कळावे म्हणून १७६० साली त्या गिऱ्हाइकांतूनच एक मंडळी उभी राहिली आणि तिने जहाजांची नोंदवही सुरू केली. सांगाड्याला अक्षर आणि दोरखंड-नांगरादी सामग्रीला अंक अशी तिची पद्धत रूढ झाली. उत्तम सांगाडा म्हणजे 'ए' आणि उत्तम सामग्री म्हणजे 'वन'. आपल्याकडे टपरीवरील चहाला 'ए वन' म्हणणाऱ्याला आपण अठराव्या शतकातील सर्व्हेअरची भाषा बोलतो आहोत याची कल्पना नसते.

अशा वर्गीकरण संस्था पुढे अनेक देशांत निघाल्या. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ साली मुंबईत स्थापन झाली. या संस्थांनी जहाजबांधणीच्या शास्त्राची मोठीच सेवा केली आहे. पण त्यांच्या रचनेत एक गाठ पहिल्यापासून आहे. ज्याचे जहाज तपासायचे, फीही त्याच्याकडूनच घ्यायची. परीक्षार्थीने परीक्षक निवडावा आणि त्याला मानधनही द्यावे, तसे हे झाले. १२ डिसेंबर १९९९ रोजी 'एरिका' हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ वादळात दुभंगले. त्यावरील सव्वीसही खलाशी भारतीय होते आणि सुदैवाने सर्वजण वाचले. किनारा मात्र तेलाने काळा झाला. जहाज पंचवीस वर्षांचे होते आणि आतील पोलाद गंजून गेले होते. प्रमाणपत्रे मात्र व्यवस्थित होती. फ्रेंच न्यायालयांनी प्रमाणपत्र देणाऱ्या इटालियन संस्थेलाही दोषी धरले आणि २०१२ साली सर्वोच्च पातळीवर तो निकाल कायम झाला. कागदावर सही करणाराही उत्तरदायी असतो, हे इतक्या स्पष्टपणे ठरायला २०१२ साल उजाडावे लागले.

आपल्या किनाऱ्यानेही याची किंमत मोजली आहे. आपल्या वसई परिसरातून वाहणाऱ्या नदीचे नाव धारण करणारी 'वैतरणा' ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येत होती. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला कौतुकाने 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. एकही माणूस परत आला नाही. मुंबई इलाख्याने नेमलेल्या चौकशीत जीवरक्षक नौका आणि तरंगपट्टे अपुरे असल्याचे आढळले. विजेचे दिवे होते, पण उतारू वाचवण्याच्या नौका पुरेशा नव्हत्या! त्यानंतर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी गेल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईच्या दृष्टिक्षेपात घडलेल्या या दुर्घटनेची बातमी मुंबईला कळायला कित्येक तास लागले. रायगड आणि रत्नागिरीकडील वृद्ध माणसे अजूनही कोणाच्या तरी घरातील रामदासवर गेलेल्या माणसाचे नाव घेतात.

समुद्रावरील बहुतेक नियमांच्या मागे असे एखादे बुडालेले जहाज असते. टायटॅनिक १९१२ साली बुडाली आणि १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 'अमोको काडिझ' १९७८ साली ब्रिटनीच्या खडकांवर फुटली आणि १९८२ साली युरोपातील चौदा देशांनी पॅरिसमध्ये ठरवले की, जहाजाच्या झेंड्याचा देश काहीही म्हणो, आपल्या बंदरात आलेले जहाज आपण स्वतः तपासू आणि सदोष आढळल्यास अडकवून ठेवू. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट काही मिनिटांत कलंडून १९३ माणसे गेली. मोटारी चढवण्याचे पुढचे दार उघडेच राहिले होते. ते दार लावणारा खलाशी झोपला होता, हे खरे. परंतु दार लागले की नाही हे दाखवणारा दिवा कप्तानाच्या समोर बसवा अशी मागणी कप्तानांनी पूर्वीच केली होती आणि कंपनीच्या कचेरीत तिची थट्टा झाली होती. चौकशीने कचेरीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता आली. ती १९९३ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जुलै १९९८ पासून सक्तीची होऊ लागली. जहाजावरचा माणूस ज्याच्याशी थेट बोलू शकेल असा एक जबाबदार माणूस कंपनीने किनाऱ्यावर नेमलाच पाहिजे, ही त्यातील तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

परंतु तपासणी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्या घटनेने मुळापासून विचारला ती जहाजाची नाही. ती समुद्रात उभारलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरापासून सुमारे १९० किलोमीटरवर उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' हा प्लॅटफॉर्म उभा होता. तेथून १९७६ पासून तेल निघत होते. नंतर वायूवर प्रक्रिया करण्याची यंत्रणाही त्यावर बसवण्यात आली. मूळ आराखडा तेलाचा होता, त्यामुळे विभागांमधल्या भिंती आग थोपवण्यासाठी बांधल्या होत्या. स्फोटाचा धक्का सोसण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. आग आणि स्फोट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे घरातील गॅसच्या सिलिंडरजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गृहिणीला कळते.

६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत कन्डेन्सेट नावाच्या हलक्या इंधनाच्या एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली होती. संध्याकाळी काम अपुरे राहिले. उघड्या तोंडावर एक लोखंडी झाकण बसवण्यात आले, पण ते दाब सोसेल इतके घट्ट आवळलेले नव्हते. कामाचा परवाना अर्धवट म्हणून स्थगित झाला. आता लक्षात घ्या : त्या पंपाच्या दुरुस्तीचा परवाना वेगळा होता आणि झडपेचा वेगळा. स्थगित परवाने नियंत्रण कक्षात न ठेवता सुरक्षा कार्यालयात ठेवण्याची तेथे रीत होती. झडपही पंपाजवळ नव्हती. ती कित्येक फूट वर, सहज न दिसणाऱ्या जागी होती. रात्रीच्या पाळीला तोंडी कोणी काही सांगितले नाही.

पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. तो चालू होईना. वीजपुरवठा टिकवायचा तर एक तरी पंप हवा होता. रात्रपाळीने पहिल्या पंपाचा परवाना पाहिला. दुरुस्ती सुरूच झालेली नव्हती, म्हणजे पंप शाबूत आहे, असा त्याचा अर्थ झाला. पंप सुरू करण्यात आला. सैल झाकणातून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. हा क्रम चौकशीने पुराव्यांवरून जुळवलेला आहे. ज्यांनी त्या कृती केल्या ते सांगायला उरले नाहीत.

पुढचे सारे इतक्याच साध्या गोष्टींमुळे घडत गेले. आग विझवणारे पंप आपोआप सुरू होणारे होते, पण पाण्यात पाणबुडे काम करीत असल्याने ते ओढले जाऊ नयेत म्हणून ते हाताने सुरू करण्याच्या स्थितीत ठेवले होते. आणि तो हात लावायला तेथवर आता कोणी पोचू शकत नव्हते. नियंत्रण कक्ष उद्ध्वस्त झाला होता. शेजारच्या 'क्लेमोर' आणि 'टार्टन' या प्लॅटफॉर्मवरून तेल व वायू काही काळ येतच राहिले, कारण उत्पादन थांबवण्याचा निर्णय स्वतःहून घ्यायला तेथील अधिकारी धजावले नाहीत. वीस मिनिटांनी टार्टनकडून येणारी वायूची वाहिनी फुटली आणि मग ती आग माणसाच्या आटोक्याबाहेर गेली. पुष्कळ माणसे नियमाप्रमाणे निवासगृहात जमून हेलिकॉप्टरची वाट पाहत राहिली. हेलिकॉप्टर उतरणे शक्यच नव्हते, आणि निवासगृह सोडा असा हुकूम कोणी दिला नाही. मेलेल्यांपैकी बहुतेकांचा अंत धुराने गुदमरून झाला. ज्यांनी शिस्त मोडून खाली समुद्राकडे धाव घेतली किंवा उंचावरून उड्या टाकल्या, त्यांतील बरेच वाचले. २२६ पैकी ६१ वाचले. वाचवायला गेलेले दोघेही मरण पावले आणि एकंदर संख्या १६७ झाली. त्यांतील तिसांचे मृतदेह समुद्राने कधीच परत दिले नाहीत.

न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांची चौकशी १८० दिवस चालली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील १०६ शिफारशी सरकार व उद्योग या दोघांनीही मान्य केल्या. स्फोटाचे कारण ज्या प्रकरणांत आहे ती वाचवत नाहीत. तरीही मला अधिक अस्वस्थ करणारा भाग तपासणीविषयीचा आहे. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९८७ मध्ये, याच प्लॅटफॉर्मवर एक कामगार अपघातात मरण पावला होता. तेव्हाही परवान्यांतील आणि पाळी बदलताना निरोप देण्यातील ढिलाई उघड झाली होती आणि कंपनीला न्यायालयात शिक्षाही झाली होती. त्यानंतर सरकारी तपासनीस प्लॅटफॉर्मवर येऊन गेला तो जून १९८८ च्या अखेरीस, म्हणजे सर्वनाशाच्या जेमतेम दहा दिवस आधी. त्याने पाहिले, विचारले, आणि सुधारणा झाली आहे असे नोंदवून तो परतला. परवान्यांची पद्धत रोज मोडली जात होती, पण ती त्याच्या वहीत आली नाही. ही तपासणी इतकी वरवरची होती की सुरक्षेच्या व्यवस्थापनाची कसोटी म्हणून तिचा फारसा उपयोग नव्हता, असा लॉर्ड कलन यांच्या टीकेचा आशय आहे.

त्या तपासनिसाला दोष देणे सोपे आहे. पण एक माणूस, दोन-तीन दिवस, आणि शेकडो यंत्रांचे ते लोखंडी गाव! त्या खात्यात तपासनिसांची संख्याही अपुरी होती. त्याला शिकवले होते ते रंग, कठडे, अग्निशामक, कागद पाहायला. कागद जागेवर होते. 'कागद खरे बोलतात का?' हे पाहण्याची पद्धतच नव्हती. याहून मूलभूत दोष वरच्या पातळीवर होता. समुद्रातील सुरक्षेची तपासणी ऊर्जा खात्याकडे होती, आणि तेल लवकर व भरपूर काढावे ही जबाबदारीही त्याच खात्याची होती. १९८० साली बर्गोइन समितीने ही व्यवस्था तशीच चालू ठेवण्याची शिफारस केली होती. समितीतील कामगार संघटनांच्या दोन सभासदांनी त्यावर भिन्नमत नोंदवले होते. ते आठ वर्षे धूळ खात पडले. १९९१ साली सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीकडे देण्यात आले.

दुसरा बदल विचाराचा होता. तोवर सरकार नियम लिही आणि मालक त्यावर खुणा करी. १९९२ च्या नियमांनी ओझे फिरवले. आता मालकानेच लेखी मांडायचे की, माझ्या प्लॅटफॉर्मवर कोणकोणती संकटे येऊ शकतात, त्यांतून किती माणसे मरू शकतात, आणि ते होऊ नये म्हणून मी काय केले आहे. हे निवेदन तपासणाऱ्याने स्वीकारले नाही तर प्लॅटफॉर्म चालवायचाच नाही. याला 'सेफ्टी केस' म्हणतात. जाड जाड बाडे लिहून देण्याचा आणखी एक धंदा यातून निर्माण होऊ शकतो, आणि काही ठिकाणी झालाही. परंतु या पद्धतीत कामगारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींनाही स्थान आहे. सैल झाकण कोठे आहे हे त्यांना माहीत असते.

ब्रिटनने जे शिकले ते इतरांनी आपोआप शिकले असे झाले नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' पेटून अकरा माणसे गेली. त्या दिवशी, सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही म्हणून अभिनंदन करायला वरिष्ठ अधिकारी त्याच रिगवर आलेले होते. घसरून पडलेल्यांची मोजणी चोख होती, पण विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. आणि अमेरिकेतही तेलक्षेत्रांचे भाडेपट्टे देऊन महसूल गोळा करणारी आणि सुरक्षा तपासणारी संस्था एकच निघाली. तिची फाळणी त्यानंतर झाली.

आता आपल्या समुद्राकडे वळू. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय क्षेत्रात 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ साली तेल शोधले, तेव्हा देशभर आनंद झाला होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. ते कोणी विसरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून गेला, हे मात्र पुराच्या बातम्यांत वाहून गेले. एका सेवाजहाजावरील आचाऱ्याची बोटे कापली होती. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर घेण्यासाठी जहाज जवळ आणण्यात आले. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून ते वाऱ्याच्या बाजूला गेले. जहाजाच्या यंत्रणेतही बिघाड होता. लाटेने ते उचलले गेले आणि त्याची कड वायूच्या उभ्या नळावर आदळली. दोन तासांच्या आत प्लॅटफॉर्म उरला नाही. ३६२ माणसांना वाचवण्यात आले, बावीस गेली. त्या सेवाजहाजाचे नाव होते 'समुद्र सुरक्षा'.

येथेही कडी कडीला जोडलेली दिसते : बंद क्रेन, सदोष जहाज, उघड्यावरचा नळ, आणि जखमी माणसाविषयीची दया. यांपैकी एकही एकटी प्राणघातक नव्हती. तीन वर्षांनी, २००८ साली, समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम झाले आणि १९८६ पासून सल्ला देणाऱ्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला प्रथमच कायद्याचा अधिकार मिळाला. हे चांगलेच झाले. पण हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे, आणि उत्पादन वाढवण्याची चिंताही त्याच मंत्रालयाची आहे. कलन अहवालाचा हा धडा आपण अर्धाच वाचला, असे माझे मत आहे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात 'पी ३०५' हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून वाहवत गेला आणि बुडाला. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तराफ्यावर २६१ माणसे होती. नौदलाने अंधारात, खवळलेल्या समुद्रात शिकस्त करून १८६ जणांना वाचवले. उरलेले पंचाहत्तर बहुतेक कंत्राटी कामगार होते, वेल्डर, फिटर, रंगारी. ज्या ठिकाणी मालक, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार अशी उतरंड असते, तेथे 'थांबा, परत चला' हे वाक्य नेमके कोणी उच्चारायचे हेच ठरलेले नसते. टार्टनवरही तेच झाले होते.

या साऱ्यात आपल्या जवळचे एक स्थान उल्लेखण्याजोगे आहे. पॅरिसच्या धर्तीवर हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी १९९८ साली जो बंदर-तपासणीचा करार केला, त्याचे सचिवालय गोव्यात आहे. सदस्य देशांच्या बंदरांत कोणते जहाज कोणत्या दोषांमुळे अडकवले गेले याची यादी तेथून प्रसिद्ध होते आणि ती कोणालाही पाहता येते. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात अंकी आयएमओ क्रमांकही असतो. मालक बदलला, झेंडा बदलला, रंग आणि नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. जुन्या शवपेट्यांना नवी नावे देण्याची सोय त्यामुळे बरीचशी संपली आहे. घरातील मुलाला बोटीवरचे बोलावणे आले की पगार आणि कराराचे महिने आपण विचारतोच. त्याबरोबर त्याला पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे काय, आणि जहाजाचा हा सात अंकी क्रमांक कोणता, हेही विचारावे. क्रमांक मिळाला की जहाजाचे वय, वर्गीकरण संस्था आणि आजवरच्या तपासण्यांचा इतिहास 'इक्वासिस' या २००० साली सुरू झालेल्या विनामूल्य माहितीभांडारात अर्ध्या तासात पाहता येतो. १८७३ साली हीच विचारपूस करणारा खलाशी तुरुंगात जात होता.